उपवासाला चालणारा सोडा

एखादा पदार्थ उपवासाला चालतो की नाही, हे ठरवायची माझ्या भावजयीची, दक्षताची, एकच कसोटी आहे. तिला आवडला की तो चालतो. साबुदाण्याच्या खिचडीवर किसलेलं चीज चालतं. पाकिटातले वेफर चालतात, कारण बटाटा. मागे एका चतुर्थीला तिने आइस्क्रीमच्या कोनालाही मंजुरी दिली होती, फक्त खालचा कोन नवऱ्याने खायचा या अटीवर. तेव्हा मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी, ऐन पूजेच्या आधी, तिने सात सवाष्णींना लालभडक फसफसणारा सोडा पाजला याचं मला काही नवल वाटलं नाही. नवल मला त्यानंतर जे झालं त्याचं वाटतं.

मी श्रीपादची, म्हणजे दक्षताच्या नवऱ्याची, थोरली बहीण. डोंबिवलीला राहते. पूर्वी दोघं राहायचो, आता एकटी राहते. ह्यांना जाऊन वर्ष उलटून गेलं.

मार्गशीर्षातल्या गुरुवारचं व्रत दक्षताला मीच शिकवलं. ती लग्न होऊन टेंभी नाक्याच्या आमच्या दोन खोल्यांत आली तेव्हा तिला कलशावर नारळ धड ठेवता येत नव्हता. शेंडी वर की खाली, हे ती मला स्वयंपाकघरात येऊन कुजबुजत विचारायची. दक्षता हे नावसुद्धा लग्नात आमच्या आईने ठेवलेलं, मी सुचवलेलं. नावाचा गुण लागेल असं आम्हाला वाटलं होतं. असो. पाच झाडांच्या डहाळ्या, पाच फळं, दिवसभर उपवास, संध्याकाळी कहाणी आणि आरती, मग नैवेद्य आणि जेवण. शेवटच्या गुरुवारी उद्यापन करायचं, सवाष्णींना बोलावून हळदीकुंकू लावायचं, प्रत्येकीला एक फळ आणि पोथी द्यायची. हे सगळं मी तिला हाताला धरून शिकवलं. आणि दर वर्षी उद्यापनाला पहिलं कुंकू मला लागायचं, कारण मी मोठी.

मला काय हवं होतं ते इथेच सांगून टाकते, उगाच आडवळणं नकोत. मला यंदाही ते हळदीकुंकू हवं होतं. टिकली मी रोज लावते, त्याला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. पण आरशासमोर स्वतः लावलेली टिकली वेगळी आणि दुसरीने पुढे होऊन, आपल्या डोळ्यांत बघून लावलेलं कुंकू वेगळं. दुसरीने लावलं की आपण त्या बायकांतली एक असतो. नवरा गेला म्हणजे मी बाई राहिले नाही, असं कोणी मला तोंडावर म्हणालं नव्हतं. म्हणणारही नाहीत, सगळ्या शिकलेल्या आहेत. फक्त हळदीकुंकवाची कोयरी पुढे येईनाशी होते.

गेल्या वर्षी ह्यांचं नुकतंच झालेलं, त्यामुळे मी गेले नाही आणि कोणी बोलावलंही नाही. ते ठीकच होतं. यंदा दक्षताचा फोन आला.

"ताई, गुरुवारी आमच्याकडे जेवायला यायचं हं."

जेवायला. इतकी वर्षं ती ‘हळदीकुंकवाला या’ म्हणत आली. शब्द बदललाय हे तिला कळत होतं आणि मला कळलंय हेही तिला कळत होतं, म्हणून ती पुढच्याच श्वासात म्हणाली, "आणि पुरण तुमच्याच हातचं हवं. मला तसं जमतच नाही बघा."

म्हणजे हात चालतो. कपाळ चालत नाही.

मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. तसं मी म्हणाले नाही. ऐन वेळी तिला लाज वाटेल, अशी माझ्या मनात आशा होती. दक्षताकडून लाजेची आशा धरणं हा माझाच मूर्खपणा, पण आशा धरली होती खरी.

श्रीपादची वर्तकनगरची जुनी इमारत पाडून तिथे आता टॉवर झालाय. जुन्या इमारतीला गणपतीचं नाव होतं. नव्या टॉवरला कुठल्याशा ग्रीक देवाचं आहे, ते रिक्षावाल्यालाही म्हणता येत नाही आणि श्रीपादलाही. यंदा शेवटचा गुरुवार नेमका नाताळच्या सुट्टीत आला होता. लॉबीत प्लॅस्टिकचं झाड उभं केलेलं, त्याच्यावर कापूस पिंजून टाकलेला. तो बर्फ म्हणे. ठाण्यात डिसेंबरमध्ये दुपारी पंखा लावावा लागतो आणि यांच्या लॉबीत बर्फ पडतो. वॉचमनच्या डोक्यावर लाल गोंड्याची टोपी होती आणि त्याखाली तो बिचारा घामाने निथळत होता. त्याने मला विचारलं, "मावशी, कामाला कुठल्या फ्लॅटमध्ये?" पुरण शिजवायला आलेय असं सांगितलं असतं तर ते खोटंही ठरलं नसतं.

वर दार उघडंच होतं. देवीचा कलश मात्र सुंदर सजवला होता, ते मान्य करते. चांदीचा मुखवटा, हिरवी साडी, नथ. त्याच्यासमोर तीन पायांचा उभा दिवा लावून ऐश्वर्या मोबाइलवर काहीतरी चित्रण करत होती. ऐश्वर्या म्हणजे दक्षताची सून, वर्षभरापूर्वी आलेली. ऐरोलीला कुठल्याशा कंपनीत आहे. काय काम करते ते मी दोनदा विचारलं आणि तिने दोन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. देवीच्या पाटाशेजारी एक खोका होता आणि त्यात लाल डबे ओळीने उभे होते, अंगावर पांढऱ्या चांदण्यांची नक्षी.

"हे काय आता नैवेद्याला?" मी विचारलं.

"नाही हो आत्या, ऑफिसमधून मिळालेलं. ख्रिसमस हॅम्पर. क्रॅनबेरी सोडा आहे, विंटर एडिशन. फक्त डिसेंबरमध्येच येतं, मग बंद."

"का? जानेवारीत नासतं?"

"सीझनल आहे ना आत्या."

सीझनल म्हणजे काय ते मला कळतं. बोरं सीझनल असतात. आवळे, हरभऱ्याची जुडी, सीताफळ, हे सगळं सीझनल. क्रॅनबेरी नावाचं फळ ठाण्यात कुठल्याच ऋतूत येत नाही. त्या खोलीतल्या एकीनेही ते कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं, मीही नाही. पण वर्षातून एकदाच मिळतं म्हटलं की या मंडळींना कशाचीही चटक लागते. भाजीवाल्याच्या गाडीवर बोरं पडून असतात, त्यांच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

मी पदर खोचला आणि स्वयंपाकघरात गेले. डाळ शिजवून ठेवली होती, ती कच्चीच होती. दक्षताने शिजवलेली. मी पुन्हा कुकर लावला.

सहाच्या सुमारास बायका आल्या. सगळ्या टॉवरमधल्याच, पैठण्या नेसून, केसांत गजरे. त्यांच्यात वयाने मोठ्या दळवीकाकू, बाराव्या मजल्यावरच्या. बाकीच्यांची नावं मला सांगण्यात आली नाहीत, कारण मी स्वयंपाकघरात होते आणि माझी ओळख करून द्यायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. बाहेरचं मला सगळं ऐकू येत होतं. श्रीपाद आतल्या खोलीत दार लावून क्रिकेट बघत होता. हा माणूस अडचणीचा प्रसंग दोन दिवस आधी ओळखतो आणि त्या दिवशी बरोबर कुठेतरी मॅच शोधून काढतो.

"अगं, पण सोडा चालतो का?" हा आवाज दळवीकाकूंचा.

"काकू, फळाचा आहे तो," दक्षता म्हणाली. "फळाचा रस चालतो ना? मग हे त्यातलंच झालं."

"आणि यात मीठ असेल तर गं?"

मग दक्षताला तोडगा सुचला. "ऐश्वर्या, ग्लासच्या कडांना सैंधव लाव. सैंधव लावलं की चालतं."

मी ओट्याला टेकून उभी राहिले आणि कपाळाला हात लावला. ग्लास ओले करून त्यांच्या कडा सैंधवात बुडवल्या गेल्या. डबे फटाफट फुटले. आणि मग त्या सात जणी आणि आठवी यजमानीण, सकाळपासून निर्जळी असल्यासारख्या तुटून पडल्या.

"काय मस्त आंबटगोड आहे ना!"

"कोकमासारखं लागतं नाही?"

"कोकमापेक्षा भारी. नाकात जातं बघ."

"थंडीत थंड प्यायची मजाच वेगळी."

कुठली थंडी, देव जाणे. एकीने देवीच्या मुखवट्याशेजारी डबा धरून फोटो काढून घेतला. दुसरीने तिला सांगितलं की डब्यावरचं नाव दिसू दे. दळवीकाकू, ज्यांना एवढी शंका आली होती, त्यांनी दुसरा डबा मागून घेतला.

मला साखर आहे. त्यामुळे घरात आलेलं प्रत्येक पाकीट उलटं करून मागचं बारीक वाचायची मला सवय लागलीय. ओट्यावर एक अर्धा राहिलेला डबा आणून ठेवला होता, तो मी चष्मा लावून वाचला. पाणी, साखर, आम्ल, स्वाद, रंग, थोडं कॅफिन. आणि खाली चौकटीत, ठळक अक्षरांत, इंग्रजीत लिहिलं होतं की यात फळ नाही. आडून आडून नाही, सरळ. कंपनीने स्वतः होऊन कबूल केलं होतं. खोटं बोलायची तसदी कंपनीनेही घेतली नव्हती, ती सगळी दक्षताने घेतली होती.

मी एक घोट घेऊन बघितला. खोटं कशाला बोलू, चव छान होती. टाळ्याला चरचर लागली आणि मग आंबट, मग गोड. राग आला मला. वाईट असता तर जरा समाधान झालं असतं. मी आणखी एक घोट घेतला आणि उरलेला बेसिनमध्ये ओतला.

तेव्हाच बाहेर जाऊन सांगता आलं असतं. बायांनो, हे फळाचं नाही, ग्लास ठेवा खाली. पण मी मूग गिळून बसले. आज माझं त्यांच्याकडे काम होतं. आत्ता रंगाचा बेरंग केला तर कोयरी माझ्याकडे यायची ती येणार नाही, असा हिशेब मी करत होते. कोणासमोर किती झुकावं याचा हिशेब करायची वेळ माझ्यावर आली, तीही दक्षतासमोर. याचा मला जेवढा संताप आला तेवढा त्या सोड्याचाही आला नाही.

मग पूजा झाली. कहाणी ऐश्वर्याने मोबाइलवरून वाचली, राजाचं नाव प्रत्येक वेळी वेगळं. पूर्वी कहाणी मी वाचायचे. या कहाणीत देवी म्हाताऱ्या बाईच्या रूपात दाराशी येते, राणी तिचा अपमान करून हाकलते, आणि मग राणीचं सगळं वैभव जातं. सगळ्या जणी हात जोडून ऐकत होत्या. एकीने तर राणीच्या वाईट दिवसांपाशी हळहळून चुकचुक केली. स्वयंपाकघरात एक म्हातारी पुरण वाटत उभी आहे हे त्यांच्यातल्या एकीच्याही ध्यानात आलं नाही. इतकं लक्ष देऊन ऐकूनही माणसाच्या कानात काहीच शिरू नये, याला वेगळीच बुद्धी लागते.

आरती संपली. मी हात धुतले, पदर नीट घेतला, घाम पुसला आणि स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिले. टिकली काढून ठेवली. कुंकवाला जागा हवी म्हणून. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

दक्षता कोयरी घेऊन एकेकीकडे जात होती. हळद, कुंकू, मग ओटीत फळ आणि पोथी. सफरचंद, संत्रं, पेरू. शेवटची बाई दाराच्या अगदी जवळ, माझ्यापासून हातभर अंतरावर उभी होती. तिला लावून झालं आणि दक्षताने वर बघितलं. आमची नजरानजर झाली. माझं कपाळ मोकळं होतं आणि ते तिला दिसलं. तिने कोयरीची झाकणं लावली. टक् आणि टक्.

मी परत ओट्याशी गेले. पोळपाट घेतला, उगाच पुसला.

दोन मिनिटांनी ती आत आली. पदराखाली काहीतरी होतं. इकडेतिकडे बघून तिने ते माझ्या हातात दिलं. लाल डबा. न उघडलेला, फ्रिजमधला.

"ताई, तुम्हाला रिकाम्या हाताने कसं पाठवणार मी," ती हळू आवाजात म्हणाली. "हे तुमच्यासाठी."

"हे काय आहे?"

"फळच आहे की हो. म्हणजे, उद्यापनाचं फळ आता तुम्हाला देता येत नाही ना, दळवीकाकूंनी पण तेच सांगितलं. पण यात फळाचा स्वाद आहे. म्हणजे दिल्यासारखं पण होतं आणि दोष पण लागत नाही. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून मी खूप विचार केला, ताई."

तिने खूप विचार केला होता. एखादीने विसरून टाळलं असतं तर मी सोडून दिलं असतं. हिने रात्री गादीवर पडून मार्ग काढला होता, आणि तो सापडल्यावर तिला बरंही वाटलं असणार. मला साखर आहे हे तिला माहीत होतं, तेही त्या विचारात कुठे अडलं नाही. आणि सगळ्यात चीड याची आली की ती प्रेमाने देत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

मी डबा घेऊन सरळ बाहेर गेले.

"दळवीकाकू," मी म्हणाले, "तुमचा चष्मा आहे ना? हे मागचं जरा मोठ्याने वाचा. चौकटीतलं."

दळवीकाकूंनी ओटीतलं सफरचंद सांभाळत डबा घेतला, लांब धरला, जवळ धरला आणि वाचलं. मग मराठीत म्हणाल्या, "यात फळ नाही." मग पुन्हा म्हणाल्या, अगदी बारीक आवाजात, "अगं, यात फळ नाही."

खोलीतली हवाच गेली.

"म्हणजे उपवास मोडला?"

"कॅफिन पण आहे! कॅफिन म्हणजे कॉफीच ना?"

"कॉफी चालते गं. चहा नाही का पीत आपण?"

"पण हा लाल रंग कशाचा? मी ऐकलंय, लाल रंग किड्यांपासून करतात."

यावर एकीने तोंडावर हात दाबला आणि दुसरी घाईघाईने डबा फिरवून बघू लागली. "हिरवा ठिपका आहे! आहे, आहे!" सगळ्यांनी सुस्कारा टाकला. पण तो काही फार टिकला नाही. फळ म्हणून प्यायलं ते फळ नव्हतं, पूजेच्या आधी प्यायलं, शेवटच्या गुरुवारी, वर देवीच्या शेजारी धरून फोटो काढले. राणीचं काय झालं ते आत्ताच ऐकलेलं. इतकी महिनाभराची उपासमार फुकट गेली या विचाराने त्यांचे चेहरे असे पडले की मला खरोखर करमणूक झाली. ऐश्वर्या फोनवरचे फोटो पुसत होती. देवीला ते दिसले नसतील तर बरं, म्हणून असावं.

आणि मग दक्षता माझ्याकडे वळली. साहजिकच होतं. तिला दुसरं कोण होतं विचारायला?

"ताई, आता काय करायचं हो? तुम्हालाच माहीत असणार."

सगळ्या माझ्याकडे बघू लागल्या. ज्यांना माझी ओळख करून दिली नव्हती त्याही. डोकं चालतं, हात चालतात, आता शब्दही चालणार होता. मी त्या सगळ्या चेहऱ्यांकडे बघितलं आणि मला तो सगळा प्रकार इतका किळसवाणा वाटला की मी त्यांच्याशी खरं बोलायचं काही कारण उरलं नाही असं ठरवलं.

"उपाय आहे," मी म्हणाले. "उपवास नकळत मोडला तर घरात हजर असलेल्या सगळ्यात मोठ्या बाईला सगळ्यांसमोर हळदीकुंकू लावायचं. तिला फळ द्यायचं, खरं फळ. आणि मग पुन्हा आरती करायची. दोष जातो."

असा काही नियम नाही. मी तो उभ्या उभ्या तयार केला. देवीसमोर उभं राहून थाप मारली आणि मला त्याचं काही वाटलं नाही. सरळ मागून मिळत नव्हतं. हे लोक माणसाला घाबरत नाहीत, नियमाला घाबरतात. म्हणून त्यांना नियम दिला.

दक्षताचा चेहरा उजळला. तिने लगबगीने कोयरी उचलली, झाकणं उघडली. माझ्या छातीत धडधडायला लागलं, या वयात, एका चिमूटभर कुंकवासाठी.

"एवढंच ना? मग सोपंय," ती म्हणाली. "दळवीकाकू, या पुढे. सगळ्यांत मोठ्या तुम्हीच."

दळवीकाकू पुढे आल्याही. माझ्याहून चांगल्या चार वर्षांनी लहान आहेत त्या. कोणाला काही चुकल्यासारखंसुद्धा वाटलं नाही. दक्षताने मला मुद्दाम डावललं असतं तर तिच्याशी भांडता आलं असतं. तिने बायका मोजल्या आणि मी त्या मोजणीत नव्हतेच. मी तिच्यासमोर उभी होते, तिने मला आत्ताच सल्ला विचारला होता, आणि तरी मी नव्हते.

मला रडू आलं. रागाने आलं असं मी कोणालाही सांगेन, पण ते नुसत्या रागाचं नव्हतं. मला ह्यांची आठवण आली. हे असते तर या बायका माझ्यापुढे वाकून वाकून नमस्कार करत असत्या, आणि त्या नमस्कारांची मी घरी जाऊन ह्यांच्याजवळ टिंगल केली असती.

मी पुढे झाले आणि दक्षताच्या हातातून कोयरी काढून घेतली.

"ताई?"

"थांब. आधी तुला लावते."

"अहो, पण तुम्ही..."

मी ऐकून घ्यायला थांबलेच नाही. हळदीच्या खणात बोट बुडवलं आणि तिच्या कपाळाला लावलं. मग कुंकू. मागे कोणीतरी श्वास आत ओढला. माझ्यासारखीने सवाष्णीला कुंकू लावणं म्हणजे काय, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. लागलं तर लागू दे अपशकुन. एवढ्या सोड्यातून वाचल्या, यातूनही वाचतील.

दक्षता मागे सरकली नाही. सरकायचं तिला सुचलं नाही. कपाळाशी कुंकवाचं बोट आलं की मान खाली घालायची, डोळे मिटायचे, हे तिच्या अंगात इतकं मुरलेलं होतं की तिने मान खाली घातली आणि डोळे मिटले. आणि मी कोयरी तशीच तिच्यासमोर धरून ठेवली.

जिला लागतं तिने उलट लावायचं असतं. हे कोणाला सांगावं लागत नाही. परकर नेसायच्या वयापासून आपण ते करत आलेलो असतो. समोर कोयरी दिसली की हात आपोआप जातो, बोलता बोलता जातो, दुसरीकडे बघता बघता जातो. दक्षताने डोळे उघडले, समोर कोयरी होती, आणि तिचा हात गेला. तिने हळदीत बोट बुडवलं आणि माझ्या कपाळावर टेकवलं.

मग तिने बघितलं, कपाळ कोणाचं आहे ते.

हात तसाच हवेत राहिला. पिवळं बोट, वर उचललेलं. तिने दळवीकाकूंकडे बघितलं. दळवीकाकू अजून तो डबा हातात धरून उभ्या होत्या आणि त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. आतल्या खोलीत मॅचमधला कोणीतरी बाद झाला आणि श्रीपाद मोठ्याने ओरडला. हळद लागली होती, पुसून टाकता येत नव्हती, आणि नुसती हळद लावून कोणाला सोडता येत नाही, हे तिला मीच शिकवलेलं होतं.

मी कपाळ मागे घेतलं नाही.

"कुंकू राहिलं," मी म्हणाले.

"ताई, आतमध्ये लावते ना. देवघराशी. नंतर, सगळ्या जेवायला बसल्या की."

"इथे. सगळ्यांसमोर. कुंकू राहिलंय, दक्षता."

ती माझ्याकडे बघत राहिली. पहिल्यांदाच नीट बघत होती बहुतेक. मग तिने बोट कुंकवात घातलं आणि लावलं. ते वाकडं लागलं आणि थोडं नाकावर सांडलं. मी ते नीट केलं नाही, आणि पुसलंही नाही.